कोडॉन बदलूनही प्रथिन मिळेना? या चुका टाळा

इथे बडोद्यात प्रोजेक्टला बसलेली मुलं ई. कोलाय या जीवाणूत मानवी जीन घालतात, जेलवर बँड (प्रथिनाचा पट्टा) दिसत नाही, आणि लगेच "कोडॉनच वाईट आहेत" (कोडॉन म्हणजे एका अमिनो आम्लासाठीचा जीनमधला तीन अक्षरी शब्द) म्हणून नवा जीन मागवायला निघतात. पैसे घालण्याआधी थोडं थांबा.

अमिनो आम्लं 20, त्यांच्यासाठी कोडॉन 61. एकट्या आर्जिनिनला सहा. अर्थ एकच, पण प्रत्येकाचा टीआरएनए (अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) पेशीत सारखा मुबलक नसतो. खंडेराव मार्केटात नव्या भाजीवाल्याकडे 'रींगण' (वांग्याचं गुजराती नाव) मागितलं की त्याचा हात लगेच टोपलीकडे जातो, 'वांगी' म्हटलं तर क्षणभर थबकतो. कोडॉन वाचून प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमचंही तसंच. ई. कोलायमध्ये तो एजीजी, एजीए, एयूए, सीयूए अशा कोडॉनांपाशी अडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता सीएआय (कोडॉन त्या जीवाच्या सवयीचे किती, ते सांगणारा आकडा) बघणं. 1987 मध्ये शार्प आणि ली यांनी दिलेला हा निर्देशांक अख्ख्या जीनची सरासरी सांगतो. दुर्मिळ कोडॉन एकाच जागी दाटलेत का, ते सांगत नाही. माझ्या एका जीनचा आकडा बरा होता, पण मध्येच दोन एजीजी लागोपाठ होते. जेलवर पूर्ण लांबीचा बँड पुसट आणि खाली एक ठळक, आखूड बँड. हिस-टॅग (निकेलला चिकटणारा जोडतुकडा) प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला असल्यामुळे अर्धवट तुकडेही शुद्धीकरणाच्या निकेल कॉलमला चिकटत होते. टॅग शेवटी नेला, तेव्हा कॉलमवर फक्त पूर्ण प्रथिन राहिलं. म्हणून क्रम डोळ्यांनी वाचा, जोडीने आलेले एजीजी आधी बदला.

आकडा वाढवला की प्रथिन वाढेल, हेही धरून चालू नका. 2009 मध्ये कुडला आणि सहकाऱ्यांनी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे 154 जीन बनवले. प्रथिन तेच, कोडॉन वेगळे. उत्पादनात 250 पटींपर्यंत फरक पडला, पण त्याचा सीएआयशी मेळ बसला नाही. सुरुवातीच्या कोडॉनाजवळ एमआरएनए (जीनची नक्कल, जी रायबोसोम वाचतो) किती घट्ट दुमडतो, यावर बरंच काही ठरत होतं. त्यामुळे सुरुवातीचा भाग संगणकावर दुमडून बघा आणि तिथे जी, सी ही अक्षरं कमी ठेवा.

रोझेटा स्ट्रेन (दुर्मिळ टीआरएनए जादा पुरवणारा ई. कोलाय) वापरत असाल तर क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक विसरू नका. दुर्मिळ टीआरएनएचा प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) त्याच्याच आधारावर टिकतो.

सगळेच कोडॉन वेगवान करणंही मला पटत नाही. काही ठिकाणी रायबोसोम रेंगाळतो, तेवढ्यात प्रथिनाची घडी बसते. मानवी एमडीआर1 जीनमधला एक मूक बदलसुद्धा (कोडॉन बदलतो, अमिनो आम्ल तेच राहतं) प्रथिनाचं वागणं बदलू शकतो, हे 2007 मध्ये दिसलं. म्हणून पेशी फोडल्यावर सुपरनेटंट (वरचा द्रव) आणि पेलेट (खाली बसलेला गाळ) जेलवर वेगवेगळे चालवा. बँड पेलेटमध्ये असेल तर भाषांतर झालंय, म्हणजे प्रथिन बनलंय, अडचण घडीची आहे. अशा वेळी आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) कमी करा आणि जीवाणू 18 अंशांवर वाढवा. मात्र कूलिंग नसलेला शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) बडोद्याच्या मे महिन्यात खोलीच्या तापमानाखाली जातच नाही, सेटिंग 18 ठेवलं तरी. फ्लास्कशेजारी थर्मामीटर ठेवा आणि आकडा तिथला वाचा.