अख्खा मजला एकाच मेजरचा: एलएलसीत राहायला जाण्याआधीची तयारी

दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये ॲडमिशनचे निकाल लागले की कोणी ना कोणी विचारतंच, हाउसिंगच्या फॉर्ममध्ये 'लिव्हिंग लर्निंग कम्युनिटी' (एलएलसी) असा एक ऑप्शन दिसतोय, टिक करू का. आणि मी दर वेळी तेच तेच टाइप करत बसते, म्हणून म्हटलं यंदा एकदाच सगळं लिहून टाकू. मी अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या अशा मजल्यावर दोन वर्षं काढलीत, एक वर्ष नुसती राहायला आणि दुसरं पीअर मेंटर, म्हणजे नव्या मुलांना मदत करणारी सीनियर म्हणून, त्यामुळे कौतुकही आहे आणि वैतागही.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी, एलएलसी म्हणजे डॉर्मचा, म्हणजे कॉलेजच्या हॉस्टेलचा, एखादा मजला, विंग किंवा कधी अख्खी बिल्डिंग एकाच मेजरच्या (म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयाच्या), एकाच प्रोग्रॅमच्या किंवा एकाच आवडीच्या मुलांना दिलेली असते, आणि बऱ्याचदा सोबत एखाद-दुसरा कोर्सही एकत्र असतो. कल्पना काही आजची नाहीये. विस्कॉन्सिन-मॅडिसन युनिव्हर्सिटीत १९२७ मध्ये अलेक्झांडर मिकलजॉन या शिक्षणतज्ज्ञांनी ॲडम्स हॉलमध्ये एक्सपेरिमेंटल कॉलेज सुरू केलं होतं, मुलं राहतात तिथेच शिकवणाऱ्यांची ऑफिसं, १९३२ मध्ये ते बंद पडलं पण आजच्या एलएलसींचं मूळ शोधायला गेलं की लोक तिथेच जाऊन पोचतात.

तर तयारीतलं पहिलं काम म्हणजे नाव बाजूला ठेवून तुमची एलएलसी नेमकी कुठल्या जातीची आहे ते शोधणं, कारण एकाच शब्दाखाली काहीही विकलं जातं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत जेम्स मॅडिसन कॉलेज केस हॉलमध्ये आहे आणि सायन्सवाल्यांचं लायमन ब्रिग्ज होम्स हॉलमध्ये, दोन्ही १९६७ पासूनची, आणि तिथे वर्ग, प्रोफेसरांची ऑफिसं आणि तुमची खोली एकाच इमारतीत, म्हणजे ते खरं तर छोटं कॉलेजच झालं. इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या ॲलन हॉलमधलं युनिट वन १९७२ चं, त्याला मेजरची अट नाही, बाहेरचे कलाकार, कार्यकर्ते वगैरे पाहुणे काही दिवस तिथेच राहायला येतात आणि मुलांसोबत वेळ घालवतात. व्हर्जिनिया टेकचं हायपेशिया किंवा मिशिगनचं वाइज हे इंजिनिअरिंग-सायन्सच्या मुलींना सोबत मिळावी म्हणून सुरू झालेलं. आणि मग काही ठिकाणी एलएलसी म्हणजे दारावर रंगीत कागदाची नावं, महिन्यातून एकदा पिझ्झा, संपलं. पिझ्झावालीही वाईट नाही हां, पण तिच्यासाठी वेगळा निबंध लिहायचा का आणि जास्तीचे पैसे भरायचे का हे आधी ठरवा.

कसं ओळखायचं, तर प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरला सरळ ईमेल टाका आणि गोल गोल विचारू नका. सोबतचा कोर्स सक्तीचा आहे का, किती क्रेडिटचा, आणि तो माझ्या डिग्रीत मोजला जातो का की नुसताच वर लटकतो. हाउसिंगच्या बिलाशिवाय प्रोग्रॅमची वेगळी फी आहे का. एक वर्षाचं बंधन की दोन, कारण उदाहरणार्थ मेरीलँडचं कॉलेज पार्क स्कॉलर्स दोन वर्षांचं आहे. गणिताच्या किंवा केमिस्ट्रीच्या सेक्शनमध्ये मजल्यावरच्या मुलांना एकत्र टाकता का. आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो कोणीच विचारत नाही, तो म्हणजे मी मेजर बदलला तर काय. वर्षअखेरपर्यंत राहू देतात की खोली सोडावी लागते, की राहू देतात पण सोबतचा कोर्स पूर्ण करावाच लागतो, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. आता तुम्ही म्हणाल मी कशाला बदलतेय मेजर. आमच्या मजल्यावर सप्टेंबरमध्ये सगळेच असं म्हणत होते, मार्चमध्ये माझी शेजारीण इकॉनॉमिक्सला गेली आणि रोज संध्याकाळी लाउंजमधून जाताना सर्किटच्या गप्पा ऐकून कसंनुसं हसायची. तिला कोणी काही बोललं नव्हतं, पण मजल्याचं नावच इंजिनिअरिंग असल्यावर परकं वाटतंच ना.

तारखांचं म्हणाल तर १ मे ही कॉलेज पक्कं करायची नेहमीची तारीख सगळ्यांच्या डोक्यात असते आणि एलएलसीची तारीख तीच असेल असं गृहीत धरतात, तसं बिलकुल नाही. कुठे ती हाउसिंगच्या अर्जातच असते, कुठे वेगळा अर्ज, वेगळे छोटे निबंध आणि वेगळी तारीख. निबंधात 'मला लहानपणापासून यंत्रांची आवड' वगैरे नको, मजल्यावर तुम्ही काय कराल ते लिहा. मेंटर असताना माझ्या वाचनात आलेला सगळ्यात चांगला अर्ज चार ओळींचा होता, त्या मुलाने लिहिलं होतं की मला सायकल दुरुस्त करता येते आणि कॅल्क्युलस येत नाही, अदलाबदल करायला आवडेल.

हाउसिंगचा करार वाचा. हो, अख्खा. हा करार बहुतेक वेळा पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो, मधेच सोडलं तर दंड, आणि मील प्लॅन (मेसच्या जेवणाचं पॅकेज) घेणं सक्तीचं आहे का तेही त्यातच असतं. मी वाचला नाही आणि त्याची शिक्षा भोगली. आमचा हॉल हिवाळ्याच्या सुट्टीत बंद व्हायचा, करारात स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मला कळलं डिसेंबरमध्ये, आरएने (मजल्याची जबाबदारी असलेल्या रेसिडेंट असिस्टंटने) दारावर पिवळा कागद चिकटवला तेव्हा, फायनल्सच्या आदल्या आठवड्यात. घरी जायचं तिकीट तोपर्यंत परवडण्यापलीकडे गेलेलं, हाउसिंग ऑफिसला फोन केला तर सुट्टीत राहायच्या अर्जाची मुदत नोव्हेंबरमध्येच संपलेली. शेवटी एका सीनियरच्या अपार्टमेंटमध्ये तीन आठवडे सोफ्यावर काढले, थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक उशाला. तेव्हा थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरची सुट्टी), हिवाळा आणि स्प्रिंग ब्रेक, तिन्ही वेळी आपली बिल्डिंग उघडी असते का हे ऑगस्टच्या आत माहीत असायला हवं. बाहेरच्या देशातून येणाऱ्यांनी तर नक्कीच.

त्यांच्यासाठीच अजून थोडं. एलएलसीवाल्यांना बऱ्याच ठिकाणी दोन-चार दिवस आधी बोलावतात, ओरिएंटेशन वगैरेसाठी, आणि एफ-वन या स्टुडंट व्हिसावर पहिल्यांदा येताना आय-ट्वेंटीवरच्या (कॉलेज व्हिसासाठी देतं त्या कागदावरच्या) सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत शिरता येत नाही, म्हणून आधी मूव्ह-इनची तारीख पक्की करा मग तिकीट काढा. अंडरग्रॅडला सेमिस्टरला १२ क्रेडिट हवेतच, त्यामुळे एलएलसीचा एक क्रेडिटचा सेमिनार सोडायचा विचार आला तर आधी बेरीज करून बघा, बाराच्या खाली जाऊन चालणार नाही. पुढच्या वर्षी मेंटर व्हायचं असेल तर ते कॅम्पसवरचं काम धरतात, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा, सगळ्या नोकऱ्या मिळून.

लसींचे कागद लवकर अपलोड करा. एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेला) दोन डोस जवळपास सगळीकडे मागतात, डॉर्ममध्ये राहणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी मेनिंजायटिसची लसही लागते, आणि कागद अपुरे असले की कोर्सच्या रजिस्ट्रेशनवर होल्ड बसतो, म्हणजे ते अडतं.

रूममेट. इथे माझं मत बऱ्याच जणांच्या उलट आहे. प्रोग्रॅम एक म्हणजे सवयी एक असं वाटतं आणि म्हणून लोक फॉर्म भरताना निष्काळजी होतात, पण दोघींनाही सोमवारी सकाळी तोच कॅल्क्युलसचा होमवर्क द्यायचा असला तरी एक रविवारी दुपारी संपवून झोपणारी असते आणि दुसरी रात्री अकराला वही उघडणारी. फॉर्ममध्ये झोपायची वेळ खरी लिहा, आई वाचेल म्हणून दहा लिहू नका. पहिल्या काही आठवड्यांत आरए रूममेट ॲग्रीमेंटचा कागद भरून घेतो तो हसण्यावारी नेऊ नका, त्यात दिवा किती वाजता बंद, पाहुणे कधी, आणि एकाच मेजरचे असाल तर अजून एक ओळ स्वतःहून घाला, होमवर्कची उत्तरं मागायची की नाही. आमच्या खोलीतलं पहिलं भांडण त्यावरूनच झालं. शिवाय सोबत अभ्यास करणं आणि कॉपी यातली रेघ प्रत्येक प्रोफेसर वेगळीकडे ओढतो, सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं, मजल्यावर 'सगळेच असं करतात' हे उत्तर ऑनर कोडच्या (प्रामाणिकपणाच्या नियमांच्या) सुनावणीत चालत नाही.

मनाची तयारी म्हणाल तर एकच सांगते. सगळ्यांची परीक्षा एकाच दिवशी असते. साध्या डॉर्ममध्ये तुम्ही घाबरलेले असता तेव्हा शेजारचा गिटार वाजवत असतो, इथे सगळा मजला एकदम घाबरतो. आमच्या पहिल्या केमिस्ट्री मिडटर्मच्या आदल्या रात्री लाउंजच्या व्हाइटबोर्डवर कोणीतरी मोल्सचं एक गणित अर्धवट सोडवून ठेवलं होतं, येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून एक पायरी वाढवायचा, दोन वाजेपर्यंत बोर्ड भरला आणि उत्तर चुकलेलं. तेव्हा वैताग आला होता, पण त्या दहा-बारा जणांशी माझी ओळख तिथेच झाली, ओरिएंटेशनच्या खेळांमध्ये नाही. या सगळ्यातून डोकं शाबूत ठेवायचं तर मजल्याबाहेरची एक गोष्ट आधीच ठरवून जा, क्लब, वाद्य, पोहणं, काहीही, जिथे तुमचा मेजर कोणी विचारणार नाही. गेल्यावर बघू म्हणाल तर होत नाही, कारण मजल्यावरच सगळं मिळतं आणि पाय बाहेर पडत नाही.

आईबाबांनाही एक गोष्ट सांगून ठेवा, तिथे फर्पा नावाचा कायदा आहे १९७४ चा, त्यामुळे फी त्यांनी भरली तरी मार्क कॉलेज त्यांना परस्पर सांगत नाही, सहसा तुमची लेखी परवानगी लागते. आमच्या घरी यावरून आठवडाभर शांतता होती.

सामान हा खरं तर सगळ्यात सोपा भाग, पण लोक तिथेच सगळा जीव लावतात. बेड बहुतेक ठिकाणी ट्विन एक्सएल (एकट्याचाच, पण जरा लांब) असतो, ३८ बाय ८० इंच, साध्या ट्विनची चादर लांबीला पाच इंच कमी पडते आणि रात्री कोपऱ्यातून सुटते. तिथे वीज १२० व्होल्टची, लॅपटॉप-फोनचे चार्जर सहसा दोन्हीकडे चालतात, पण हेअर ड्रायरसारख्या वस्तू तिकडेच घ्या. उघडी कॉइल असलेलं काहीही, मेणबत्ती, उदबत्ती सहसा बंदी, साध्या एक्स्टेंशन कॉर्डऐवजी सर्ज प्रोटेक्टरवाली पट्टी मागतात. फ्रिज-मायक्रोवेव्ह कोण आणणार हे रूममेटला आधी विचारा नाहीतर खोलीत दोन फ्रिज आणि चालायला जागा नाही. कॅल्क्युलेटर कुठला चालतो ते पहिल्या लेक्चरनंतरच घ्या, काही परीक्षांना ग्राफिंगवाला चालतच नाही. इअरप्लग, अंघोळीला न्यायची प्लास्टिकची टोपली, बाथरूमच्या चपला. आणि व्हाइटबोर्डचे मार्कर स्वतःचे न्या, लाउंजमधले सगळे सुकलेले असतात.