मुलाच्या बुद्धिमापन चाचणीचा अहवाल कसा वाचावा

अहवाल हातात आला की पालकांची नजर आधी एकूण बुद्ध्यंकावर जाते. माझा आग्रह असा, की तो आकडा सर्वांत शेवटी वाचावा.

प्रथम चाचणीचे नाव आणि तिच्या आवृत्तीचे वर्ष पाहा. आपल्याकडे वेक्सलर चाचणीची भारतीय आवृत्ती, बिने-कामत चाचणी आणि डॉ. मालिन यांनी नागपुरात तयार केलेली 1969 ची चाचणी आढळतात. मानके, म्हणजे तुलनेसाठी आधी तपासलेल्या मुलांचे गुण, जुनी असतील, तर आजच्या मुलांचे गुण फुगलेले दिसू शकतात, म्हणून दोन वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. चाचणी कोणत्या भाषेत झाली, हेही विचारा; घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीतून शब्दार्थ विचारले असतील, तर शाब्दिक गुण जपून वाचावे लागतात.

पुढे मोजपट्टी समजून घ्या. वेक्सलर चाचणीत सरासरी 100 असते आणि साधारण 68 टक्के मुले 85 ते 115 या पट्ट्यात येतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी किती जण मागे आहेत याचा आकडा: 25 पर्सेंटाइल हे नापासाचे गुण नसून सुमारे 90 चा, म्हणजे सरासरीच्या पट्ट्यातलाच गुणांक आहे. गुणांकाशेजारी ‘98 ते 110’ असा पल्ला छापलेला असेल, तर तोच खरा निकाल समजावा, कारण झोप, भीती किंवा परकी खोली यांनी दोन-चार गुण सहज हलतात.

आता मुख्य काम म्हणजे घटकांची तुलना. वेक्सलरच्या पाचव्या आवृत्तीत शाब्दिक आकलन, दृश्य-अवकाशीय क्षमता (आकार आणि जागा ओळखणे), तर्क, कार्यकारी स्मृती (माहिती क्षणभर मनात धरून वापरणे) आणि प्रक्रिया-वेग (सोपी कामे भराभर व अचूक करणे) असे पाच घटक आहेत. समजा, एका मुलीचे शाब्दिक आकलन 118 आहे आणि प्रक्रिया-वेग 82. ही मुलगी गोष्टीचे मर्म चटकन सांगते. परंतु वेगाच्या ज्या उपचाचणीत प्रत्येक अंकाखाली ठरलेली खूण पेन्सिलीने भराभर काढायची असते, तिथे ती मागे पडते, आणि वर्गात फळ्यावरचे उतरवून घेण्याआधी फळा पुसला जातो. तिला आळशी म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. अशा तफावतीत एकूण बुद्ध्यंक मुलाचे नीट वर्णन करू शकत नाही.

कार्यकारी स्मृती कमी असेल, तर घरी एका वेळी एकच सूचना द्या आणि ती मुलाकडून पुन्हा वदवून घ्या. वेग कमी असेल, तर शाळेकडे छापील टिपणे मागा आणि फळ्यावरून उतरवून घेण्याचे काम कमी करायला सांगा.

केवळ या चाचणीवरून अध्ययन अक्षमता ठरत नाही. त्यासाठी वाचन, लेखन व गणित यांची स्वतंत्र तपासणी लागते. दहावी-बारावीला जादा वेळेची सवलत हवी असेल, तर खासगी अहवालावर न थांबता शासनमान्य रुग्णालयाच्या प्रमाणपत्राची चौकशी शाळेत आधीच्या वर्षांतच करावी.