पहिला व्हॉल्व्ह गिटार अँप: ५ वॅटचा चॅम्प, आणि त्यातलं हमिंग

पहिला अँप म्हणून फेंडरच्या ट्वीड चॅम्पचं ५एफ१ सर्किट घ्या, दुसरं काही नको. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यातलं १९५० च्या दशकातलं हे सर्किट आहे. तीन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), एक व्हॉल्यूम, सुमारे ५ वॅट. रिव्हर्ब नाही, टोन कंट्रोल नाही. "पहिलाच बांधतोय तर ५० वॅटचा बांध" असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. यात भाग इतके कमी आहेत की चूक झाली तर ती बोट ठेवून शोधता येते.

सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतो आणि रेझिस्टरचे रंग वाचता येतात हे गृहीत धरतो. येत नसेल तर आधी ९ व्होल्टचा एखादा फझ पेडल बांधा. या अँपमध्ये ३४० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये टिकून राहतो. त्याने माणूस मरू शकतो.

सामान

व्हॉल्व्ह तीन: प्रीअँपला, म्हणजे सिग्नल आधी वाढवायला १२एएक्स७ (युरोपात यालाच ईसीसी८३ म्हणतात; एकाच काचेत दोन अर्धे भाग), स्पीकर हलवायला ६व्ही६जीटी आणि रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा, म्हणून ५वाय३जीटी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत बाकीचं बहुतेक सामान मिळतं. ट्रान्सफॉर्मर मात्र वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यावे लागतील, नाहीतर बाहेरून मागवावे लागतील.

वाइंडिंगवाल्याला कागदावर लिहून द्या. पॉवर ट्रान्सफॉर्मर: प्रायमरी २३० व्होल्ट ५० हर्ट्झ; सेकंडरी ३२५-०-३२५ व्होल्ट ८० मिलिअँप, ५ व्होल्ट २ अँपिअर, आणि ६.३ व्होल्ट १.५ अँपिअर सेंटर टॅपसह (सेंटर टॅप म्हणजे वाइंडिंगच्या बरोबर मधून काढलेली वायर; ३२५-०-३२५ मधला ० तोच). आउटपुट ट्रान्सफॉर्मर: सिंगल एंडेड, प्रायमरी ७ किलोओहम, सेकंडरी ८ ओहम, ८ ते १० वॅटचा, प्रायमरीतून ५० मिलिअँप डीसी सतत वाहणार. "गॅप ठेवा" हे तोंडी सांगून थांबू नका, लिहा: ई पट्ट्या सगळ्या एका बाजूने, आय पट्ट्या समोरून, मध्ये कागद. नेहमीच्या सवयीने पट्ट्या आलटून-पालटून भरल्या तर डीसीमुळे कोअर सॅच्युरेट होतो आणि अँपमधून बारीक, चिरका आवाज येतो. मग लोक उगाच व्हॉल्व्ह बदलत बसतात.

फिल्टर कॅपॅसिटर २२, १० आणि १० मायक्रोफॅरड, तिन्ही ५०० व्होल्टचे. मूळ आराखड्यात ४५० व्होल्टचे आहेत म्हणून तेच घ्या हा सल्ला चुकीचा आहे. ५वाय३ काही सेकंदांत तापतो, ६व्ही६ ला जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात लोड नसतो आणि व्होल्टेज ४५० च्या वर चढतं. घरचा मेन्स २४५ असेल तर आणखी वर. पहिला कॅपॅसिटर २२ पेक्षा मोठा लावू नका, ५वाय३ ला तो सोसत नाही.

बाकी यादी (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट हे व्हॉल्व्हचे आतले भाग: कॅथोडकडून प्लेटकडे करंट जातो आणि ग्रिड तो कमी-जास्त करते): ६८ किलोओहम २ आणि १ मेगओहम १ (इनपुटला), १०० किलोओहम २ (प्लेटला), १.५ किलोओहम २ (१२एएक्स७ च्या कॅथोडना), २२० किलोओहम १ (६व्ही६ च्या ग्रिडला), ४७० ओहम ५ वॅट १ आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट (६व्ही६ च्या कॅथोडला), २२ किलोओहम १ (फीडबॅकला, म्हणजे आउटपुटचा थोडा सिग्नल मागे न्यायला), फिल्टर कॅपॅसिटरांच्या मध्ये १० किलोओहम २ वॅट आणि २२ किलोओहम १ वॅट. कपलिंगला ०.०२२ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचे २, व्हॉल्यूमला १ मेगओहम लॉग पॉट. ५०० मिलिअँपचा स्लो-ब्लो फ्यूज. ८ इंची, ८ ओहमचा स्पीकर.

यादीत नसलेली पण मी सक्तीची मानतो ती गोष्ट: पहिल्या फिल्टर कॅपॅसिटरला समांतर १०० किलोओहम १ वॅटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये कायमचे लावा. अँप बंद केल्यावर तिन्ही कॅपॅसिटर पाऊण मिनिटात रिकामे होतात. तरीही हात घालण्याआधी दर वेळी मीटरने मोजा.

मांडणी

पॉवर ट्रान्सफॉर्मर चॅसिसच्या एका टोकाला, इनपुट जॅक दुसऱ्या टोकाला, १२एएक्स७ जॅकच्या शेजारी, ६व्ही६ मध्ये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची भोकं पाडण्याआधी त्याच्या सेकंडरीला हेडफोन जोडा. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या सेकंडरी वायरांची टोकं इन्शुलेट करून फक्त प्रायमरीला मेन्स द्या आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर लाकडी पट्टीने ढकलत फिरवा. गुणगुण जिथे सगळ्यात कमी होईल, त्या जागी आणि त्या कोनात तो बसवा. बहुधा दोन्ही कोअर काटकोनात आल्यावर आवाज पडतो.

हीटर आधी

हीटर म्हणजे व्हॉल्व्हच्या कॅथोडला तापवणारी तार. बोर्ड बसवण्याआधी हीटरच्या वायर ओढा. घट्ट पीळ घालून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या. ६व्ही६ च्या २ आणि ७ नंबरच्या पिना, पुढे १२एएक्स७ ला ४ आणि ५ जोडून एक टोक, ९ नंबरला दुसरं. मूळ चॅम्पमध्ये हीटरची एक बाजू सरळ चॅसिसला जोडलेली आहे. त्याची नक्कल करू नका. सेंटर टॅप वापरा. टॅप नसेल तर दोन्ही बाजूंना १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावून त्यांचं मधलं टोक टॅप माना. हा टॅप ग्राउंडला नेण्याऐवजी ६व्ही६ च्या ८ नंबरच्या पिनेला जोडा. तिथे १९ व्होल्टच्या आसपास डीसी मिळतो, हीटर कॅथोडपेक्षा पॉझिटिव्ह राहतो आणि हीटरकडून १२एएक्स७ च्या कॅथोडकडे होणारी गळती थांबते. एका वायरचं काम आहे.

५वाय३ ला ५ व्होल्टच्या वायर २ आणि ८ वर, ३२५ च्या दोन वायर ४ आणि ६ वर. डीसी ८ वरून निघतो. बोर्डावरचं सोल्डरिंग ५एफ१ चा आराखडा बघून करा, त्यात अवघड काही नाही.

ग्राउंड: इथेच सगळे अडकतात

आवाज येतो, पण सोबत जाड घुर्र येते, तेच हमिंग. नवशिक्यांचे बहुतेक अँप इथेच अडतात. "सगळी ग्राउंडं चॅसिसला जोडा, चॅसिस म्हणजे ग्राउंडच" हा सल्ला त्याला जबाबदार आहे. हा सल्ला देणाऱ्याने वायरला रेझिस्टन्स असतो हे लक्षातच घेतलेलं नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. अर्थिंग म्हणजे तीन पिनच्या प्लगमधून येणारी हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर. ती जीव वाचवते, तिचा आवाजाशी संबंध नाही. तिला स्वतंत्र बोल्ट द्या: थिंबल, दातेरी वॉशर, खालचा रंग खरवडलेला. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर ती कधीही नको, तो कंपनाने सैल होतो. मूळ चॅम्पला दोन वायरींची कॉर्ड होती. ती पद्धत विसरा. घरातल्या सॉकेटमध्ये अर्थ खरंच आहे का तेही मोजा. फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम काही व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्थ नसलेल्या सॉकेटवर हा अँप लावू नका.

आता सर्किटचं ग्राउंड. रेक्टिफायर पहिल्या कॅपॅसिटरला सेकंदाला १०० वेळा भरतो. तो सलग भरत नाही, झटक्या-झटक्याने भरतो. सरासरी करंट ४५ मिलिअँप असला तरी झटक्याचा माथा २०० मिलिअँपच्या वर जातो. हा करंट ज्या वायरमधून सेंटर टॅपकडे परततो, त्या वायरचा आणि सांध्यांचा रेझिस्टन्स ०.०२ ओहम धरला तरी तिच्या दोन टोकांत ४ मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुट जॅकचं ग्राउंड त्या वाटेवर असेल तर हे ४ मिलिव्होल्ट गिटारच्या सिग्नलमध्ये मिसळतात आणि पुढे अँप त्यांना इमानाने मोठं करतो. कॅपॅसिटर कितीही चांगला घ्या, हे हमिंग जाणार नाही, कारण ते फिल्टरमधून येतच नाही.

म्हणून पहिला नियम: ३२५-०-३२५ चा सेंटर टॅप सरळ पहिल्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावर सोल्डर करा. चॅसिसला नाही, जवळच्या बोल्टला नाही, त्या पायावरच. झटके त्या छोट्या वाटोळ्यात फिरतात आणि बाहेर पडत नाहीत.

दुसरा नियम: ग्राउंडचे दोन गट करा. पॉवरचा गट म्हणजे पहिला आणि दुसरा कॅपॅसिटर, ६व्ही६ चा कॅथोड रेझिस्टर आणि त्याचा कॅपॅसिटर, २२० किलोओहमचं ग्राउंडचं टोक आणि स्पीकर जॅकची निगेटिव्ह बाजू. या सगळ्यांची एक वायर ट्रान्सफॉर्मरजवळच्या दुसऱ्या बोल्टवर न्या. प्रीअँपचा गट म्हणजे तिसरा कॅपॅसिटर, १२एएक्स७ चे दोन्ही कॅथोड रेझिस्टर, व्हॉल्यूम पॉटची खालची पिन आणि १ मेगओहमचं ग्राउंडचं टोक. हा गट चॅसिसला फक्त इनपुट जॅकपाशी टेकतो. स्पीकरचा जॅक प्लास्टिकचा घ्या, म्हणजे तो तिसरीकडेच चॅसिसला टेकणार नाही.

पॉटच्या पाठीवर ग्राउंड सोल्डर करू नका. जुन्या अँपमध्ये तसं दिसतं, पण नट सैल झाला की संपर्क जातो, आणि तापवताना पॉटच खराब होतो. इनपुट जॅक ते १२एएक्स७ ची वायर दोन इंचांपेक्षा लांब असेल तर शिल्डेड घ्या आणि शिल्ड एकाच टोकाला, जॅकपाशी जोडा.

पहिल्यांदा चालू करताना

सिरीज बोर्डवर (ज्यात बल्ब अँपच्या मेन्सला सिरीजमध्ये येतो) ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा, एलईडी चालणार नाही. व्हॉल्व्ह न लावता चालू करा: बल्ब क्षणभर लुकलुकून विझायला हवा. पूर्ण पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग बंद करून स्पीकर जोडा आणि तिन्ही व्हॉल्व्ह एकदम लावा. एकटा ५वाय३ लावून व्होल्टेज बघायचा मोह टाळा. बल्ब मंद पेटेल, ते ठीक. स्पीकरशिवाय अँप कधीच चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

धूर, वास नसेल तर बल्ब काढून सरळ मेन्स द्या आणि मोजा. मीटरची काळी तार क्लिपने चॅसिसला, एक हात पाठीमागे. पहिल्या कॅपॅसिटरवर ३३० ते ३६०, दुसऱ्यावर ३०० च्या आसपास, तिसऱ्यावर २५० च्या आसपास, १२एएक्स७ च्या प्लेटवर १४० ते १८०, ६व्ही६ च्या कॅथोडवर १७ ते २०.

शेवटच्या आकड्यावरून हिशोब करा. १९ भागिले ४७० म्हणजे ४० मिलिअँप, त्यातले ३ स्क्रीनचे (६व्ही६ मधल्या दुसऱ्या ग्रिडचे), उरले प्लेटचे ३७. प्लेटवर ३३५ असेल तर ३३५ वजा १९ म्हणजे ३१६, गुणिले ०.०३७ म्हणजे ११.७ वॅट. ६व्ही६जीटी ची जुनी मर्यादा १२ आहे. तुमचा आकडा त्यापुढे गेला तर ४७० च्या जागी ५६० ओहम लावा.

फीडबॅकचा २२ किलोओहम तोवर एका टोकाने सुटा ठेवा. जोडल्यावर आवाज थोडा कमी आणि स्वच्छ झाला तर बरोबर. अँप किंचाळला तर बंद करा, कॅपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरांची अदलाबदल करा.

तरीही हमिंग असेल तर

आधी त्याचा सूर ओळखा. परदेशी लेखांत ६० आणि १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं. आपल्याकडे ५० आणि १००. गिटारच्या जाड ई तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झ वाजतो. हमिंग त्या सुराला मिळत असेल तर ते १०० चं आहे: फिल्टर कॅपॅसिटर, सेंटर टॅप किंवा ग्राउंडचे गट तपासा. बरोबर एक सप्तक खाली असेल तर ५० चं आहे: हीटरच्या वायर, टॅप, किंवा इनपुटची वायर मेन्सजवळून जाते आहे.

मग जागा शोधा. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर हमिंग गेलं तर दोष पॉटच्या आधी, म्हणजे इनपुट किंवा १२एएक्स७ चा पहिला अर्धा भाग. गेलं नाही तर बंद करून १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. आता गेलं तर दोष त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. तरीही राहिलं तर ६व्ही६, फिल्टर किंवा ट्रान्सफॉर्मरचा कोन.

इनपुटला शॉर्टिंग जॅक लावला असेल तर केबल काढल्यावर इनपुट आपोआप ग्राउंड होतं. केबल काढल्यावर अँप शांत आणि गिटार लावल्यावरच गुणगुण, अशी स्थिती असेल तर गिटार हातात घेऊन जागेवरच हळूहळू फिरा. एका दिशेला आवाज पडला तर तो सिंगल कॉइल पिकअपचा आहे, अँप उघडू नका.