नव्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचंय, पण सॉफ्टवेअर कोणतं?

बारावीनंतर घरात नवा लॅपटॉप आला की गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" कॉलेजात असताना मी गाण्याच्या परीक्षा देत होते, मित्रांच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत करून देत होते. त्यामुळे आता ओळखीतली मुलं लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना उलट विचारते की रेकॉर्ड काय करणार आहेस? निम्म्याहून जास्त जणांनी याचा विचारच केलेला नसतो. यूट्यूबवर कुणीतरी रंगीबेरंगी पडदा दाखवलेला असतो आणि तोच हवा असतो.

एक गैरसमज आधी काढून टाकू. महाग सॉफ्टवेअरमध्ये आवाज चांगला येतो, असं काही नसतं. तोच माइक, तोच ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि तोच गळा असेल, तर २४ बिटची वेव्ह फाइल कुठेही सारखीच रेकॉर्ड होते. फरक पडतो तो काम करण्याच्या पद्धतीत. म्हणून पैसे मोजायचेच असतील तर ते आधी माइक, इंटरफेस आणि बंद कानांच्या (आवाज बाहेर न सोडणाऱ्या) हेडफोनवर खर्च करा.

कामाचे ढोबळ दोन प्रकार. गायलेलं-वाजवलेलं रेकॉर्ड करून, कापून-जोडून नीट करायचं, हा पहिला. संगणकातच बीट, लूप आणि कीबोर्डवरचे सूर रचत गाणं उभं करायचं, हा दुसरा. दुसऱ्या प्रकाराला एफएल स्टुडिओ किंवा एबल्टन लाइव्ह जवळचं वाटतं. एफएल स्टुडिओ एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात, ही त्याची मोठी जमेची बाजू. त्याच्या फुकट ट्रायलमध्ये मात्र प्रोजेक्ट सेव्ह होतं, पण बंद करून परत उघडता येत नाही. हे कळल्यावर रात्रभर लॅपटॉप चालू ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. एबल्टनची 'लाइट' आवृत्ती अनेक इंटरफेस आणि कीबोर्डांबरोबर येते. खोक्यातला कोड फेकून देऊ नका.

मॅक असेल तर प्रश्न जवळजवळ सुटलेला आहे. २००४ पासून चालत आलेलं गॅरेजबँड मॅकवर फुकट मिळतं, आणि पुढे लॉजिक प्रो घेतलंत तर गॅरेजबँडची प्रोजेक्टं त्यात तशीच उघडतात. लॉजिक फक्त मॅक आणि आयपॅडवर चालतं, त्यामुळे विंडोजवाल्यांनी त्याचे व्हिडिओ बघत बसू नये.

ऑडॅसिटी फुकट आहे आणि अनेकांची सुरुवात तिथूनच होते. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून त्यात इफेक्ट चालू गाण्यावर लावून ऐकता येतात. त्याआधी इफेक्ट लावला की फाइलच बदलायची. रियाजाची नोंद, निवेदन, पॉडकास्ट यांना ते पुरतं. आठ-दहा ट्रॅकचं (प्रत्येक वाद्याची-गळ्याची वेगळी नोंद म्हणजे एक ट्रॅक) गाणं बांधायला मी ते सुचवणार नाही.

विंडोजवर पहिल्या प्रकारचं काम करणाऱ्याला मी बहुतेक वेळा रीपर सांगते. विनॅम्प आठवतं का? ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे काम. डाउनलोड इतकं लहान आहे की मोबाइलच्या डेटावरही होऊन जातं. ६० दिवस सगळ्या सोयींसकट फुकट वापरता येतं, कुठलंही बटण बंद केलेलं नसतं. त्यानंतर विद्यार्थ्यांना आणि कमी कमाई असलेल्यांना परवाना ६० डॉलरला मिळतो. उणी बाजूही सांगते. पडदा रुक्ष आहे, आणि सोबत वाद्यांचे आवाज जवळजवळ काहीच येत नाहीत. तुम्हाला पियानो, स्ट्रिंग्ज, ड्रम लागणार असतील तर ते वेगळे जमवावे लागतात. गाणं, हार्मोनियम, तबला, गिटार असं खरंखुरं वाजणारं रेकॉर्ड करणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही.

आता ज्यावर मुलं हमखास अडकतात, त्या गोष्टीकडे येते. हेडफोन लावून गायला बसलात आणि स्वतःचाच आवाज किंचित उशिरा कानात येतोय. सूर लागत नाही, लय ओढली जाते आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. ही लेटन्सी. संगणक आवाज तुकड्यातुकड्याने घेतो, त्या तुकड्याचं माप म्हणजे बफर. ४८,००० च्या सँपल रेटला (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं) १,०२४ चा बफर ठेवला तर नुसता आत यायलाच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात, बाहेर जायला तेवढेच पुन्हा. बफर १२८ केला की तेच तीनच्या आत येतं. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान ठेवा आणि मिक्स करताना (सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवताना) मोठा, म्हणजे प्रोसेसरला दम लागत नाही. विंडोजमध्ये सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन इंटरफेस कंपनीचा एसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने ये-जा करू देणारा) निवडावा लागतो. इंटरफेस नसेलच तर एसिओ-फॉर-ऑल हा फुकट ड्रायव्हर बऱ्याच लॅपटॉपवर काम भागवतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते दाबा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. मग तुमचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो.

शास्त्रीय संगीत शिकणाऱ्यांसाठी थोडं जास्त लिहिते, कारण या बाबतीत इंग्रजी व्हिडिओंमधून काहीच हाती लागत नाही. ही सॉफ्टवेअरं चार मात्रांचं माप धरून बसलेली असतात. झपताल असेल तर टाइम सिग्नेचर (एका घरात किती मात्रा) १०/४ करा. मग पडद्यावरची प्रत्येक मोठी रेघ म्हणजे सम, आणि एक घर म्हणजे एक आवर्तन. एखाद्या आवर्तनातली तान फसली तर तेवढंच घर उचलून दुसऱ्या टेकमधलं बसवता येतं. विलंबित एकतालाची गंमत वेगळी. एबल्टनमध्ये टेम्पो २० च्या खाली जातच नाही, आणि आपला विलंबित ख्याल सहज १२-१५ वर रेंगाळतो. तिथे एका मात्रेचे चार भाग धरून ४८ किंवा ६० चा ठोका ठेवायचा. तबलजी मनात मोजतात तेही तसंच.

खरं तर ख्यालाला क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) लावूच नये, असं माझं मत. तबलजींची लय सूक्ष्मपणे चढत जाते, तीच बंदिशीला जिवंत ठेवते. मी क्लिक बंद ठेवून रेकॉर्ड करते. मग ऐकताना प्रत्येक समेला एम ही कळ दाबत जाते. रीपरमध्ये त्या जागी खूण पडते. बंदिश संपेपर्यंत सगळी आवर्तनं डोळ्यांसमोर मांडलेली असतात.

तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर असावा. खोलीत मोबाइलवरचा तानपुरा लावून गायलात तर तो गळ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि नंतर काही केल्या कमी करता येत नाही. आधी तुमच्या पट्टीचा, समजा काळी दोनचा, तानपुरा फाइल म्हणून आत घ्या आणि तो हेडफोनमध्ये ऐकत गा. आणि पिच करेक्शनचं, म्हणजे सूर दुरुस्त करणारं, प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) सरसकट लावू नका. ते सुराला जवळच्या पट्टीवर ओढतं, म्हणजे मींड पायऱ्यापायऱ्यांची होते आणि दरबारीतला आंदोलित गंधार जागेवर थिजतो. भावगीताच्या एखाद्या निसटत्या सुराला हलक्या हाताने लावलं तर चालतं.

लॅपटॉपविषयी थोडक्यात. नुसत्या रेकॉर्डिंगला ८ जीबी रॅम पुरते, वाद्यांचे मोठे सँपल (आधीच रेकॉर्ड केलेले आवाज) वापरणार असाल तर १६ घ्या. एसएसडी हवीच. जागेचा हिशेब असा: ४८,००० आणि २४ बिटला एका मोनो ट्रॅकचा एक मिनिट सुमारे ८.६ एमबी खातो. पाच ट्रॅकची तासभराची बैठक अडीच जीबीच्या पुढे जाते. विंडोजच्या माइक सेटिंगमधल्या एन्हान्समेंट्स बंद करा, नाहीतर विंडोज स्वतःच्या अकलेने गोंगाट काढायला जातं आणि तुमच्या स्वराचा शेवट खाऊन टाकतं.

गुणगुण येत असेल तर आधी चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं आणि विजेची ५० हर्ट्झची घरघर थेट ट्रॅकमध्ये उतरते. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावर! कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे असलं तर खोलीचा घुमारा बराच कमी होतो.

क्रॅकबद्दल, म्हणजे परवाना चुकवून चालवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, बोलायलाच हवं. संगणक जोडून देणारा दुकानदार 'सगळं टाकून देतो' म्हणतो, मित्र पेन ड्राइव्ह आणून देतो. ते चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. नैतिकतेचं राहू द्या, ऐन एकांकिकेच्या आदल्या रात्री प्लगइन उघडायचं थांबतं तेव्हा दाद कुणाकडे मागणार? फुकटात आणि ६० डॉलरांत इतकं मिळत असताना त्या वाटेला जायचं काही कारण उरत नाही.

पुढे यातच करिअर करायचं असेल, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटशिक्षण संस्थेतल्या ध्वनीच्या अभ्यासक्रमाकडे किंवा मुंबईतल्या स्टुडिओंकडे डोळा असेल, तर प्रो टूल्स या सॉफ्टवेअरची तोंडओळख करून घ्या. सिनेमाच्या ध्वनिकामात त्याचंच चलन आहे. प्रो टूल्स इंट्रो ही आठ ऑडिओ ट्रॅकची फुकट आवृत्ती २०२२ मध्ये आली, शिकायला तेवढी पुरे. रोजचं काम मात्र हाताला बसलेल्या सॉफ्टवेअरमध्येच करत राहा. असिस्टंट म्हणून गेलात की घरी काय वापरता हे क्वचितच विचारतात. ट्रॅकना नावं आहेत का, सगळ्या फाइली शून्यापासून सुरू होतात का, सँपल रेट एकच आहे का, हे बघतात. 'ऑडिओ १', 'ऑडिओ १ नवीन', 'ऑडिओ १ फायनल खरं' अशा नावांचं फोल्डर घेऊन कुणाकडे जाऊ नका.

ट्रायलचे दिवस नुसती बटणं दाबण्यात घालवू नका. तीन-चार मिनिटांचं एकच गाणं घ्या, आणि तानपुरा, गळा, हार्मोनियम, तबला असं सगळं त्यात रेकॉर्ड करा. कापाकापी करा, वेव्ह आणि एमपी३ काढा, फोनच्या स्पीकरवर ऐका. कोणत्या कामाला हात अडखळतो ते तेव्हाच कळतं. दोन सॉफ्टवेअरांमध्ये मन दोलायमान असेल तर तेच गाणं दोन्हीत करा. शेवटी रीपरमध्ये 'सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज'मध्ये जाऊन 'कॉपी ऑल मीडिया'समोर खूण करा, फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपवर उघडून बघा. एकही ट्रॅक हरवला नसेल आणि गाणं तसंच वाजलं, तर परवान्याचे पैसे भरायला हरकत नाही.