एका दिवसात पन्नास नमुन्यांची व्हिस्कॉसिटी मोजताना

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या रंगाच्या अथवा चिकटद्रव्यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, तर व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, मोजणाऱ्या ब्रुकफील्ड यंत्राला स्पिंडल (द्रवात फिरणारा दांडा) लावणे आणि उबेलोडे या काचेच्या बारीक नळीतून द्रव वाहण्याचा वेळ मोजणे तुम्हाला येत असेलच, म्हणून ते सांगत बसत नाही. एक नमुना कोणीही नीट मोजतो. पन्नास बाटल्या समोर ठेवून संध्याकाळपर्यंत आकडे मागितले जातात, तेव्हा पहिली तडजोड होते ती तापमानाशी, आणि ती केल्याचे आपल्या लक्षातही येत नाही.

पाण्याची व्हिस्कॉसिटी २० अंशांना सुमारे १.०० सेंटिपॉइज (व्हिस्कॉसिटीचे एकक) असते आणि २५ अंशांना ०.८९ होते, ग्लिसरीनची मात्र त्याच पाच अंशांत सुमारे १४०० वरून ९५० च्या आसपास उतरते. द्रव जितका घट्ट, तितकी ही घसरण सहसा मोठी. त्यात बाथवर, म्हणजे नमुने ठरावीक तापमानाला आणणाऱ्या पाण्याच्या टाकीवर, दिसणारा आकडा बाथमधल्या पाण्याचा असतो, बाटलीतल्या द्रवाचा नव्हे. घट्ट द्रवात अभिसरण जवळजवळ होत नाही, त्यामुळे काचेलगतचा थर २५ अंशांवर आला तरी मधला भाग बराच वेळ मागेच राहतो. पुण्यात जानेवारीच्या सकाळी गारठलेल्या गोदामातून आणलेली बाटली आणि एप्रिलच्या दुपारी खिडकीजवळ राहिलेली बाटली यांना बाथमध्ये सारखीच वीस मिनिटे देणे म्हणजे निव्वळ स्वतःची समजूत घालणे आहे. शक्य असेल तर नमुने आदल्या रात्रीच बाथमध्ये ठेवावेत, आणि थर्मामीटर नमुन्यातच, स्पिंडल जिथे फिरणार त्या खोलीवर बुडवावा.

याहून वाईट गोष्ट क्रमाची आहे. घट्टकारकाचे प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत वाढवत नेलेले नमुने आपण साहजिकच त्याच क्रमाने मोजतो. सकाळपासून खोली तापत जाते, नमुने तिच्यामागोमाग तापतात, आणि प्रमाणामुळे वाढलेल्या व्हिस्कॉसिटीचा काही भाग ही उष्णता गिळून टाकते. आलेख अगदी गुळगुळीत दिसतो, म्हणूनच कोणाला संशय येत नाही. या सापळ्यात मीही सापडलो होतो, आणि चढत्या क्रमाने मांडलेल्या बाटल्या पाहिल्या की आजही पोटात गोळा येतो. त्यामुळे क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि दर आठ-दहा नमुन्यांनंतर प्रमाणित तेल (ज्याची व्हिस्कॉसिटी आधीच ठाऊक असते) मोजावे; त्याचा आकडा सरकला, तर मधले सगळे आकडे पुन्हा घ्यावेत.

‘हाताला कळतं’ म्हणणारे ज्येष्ठ प्रत्येक प्रयोगशाळेत भेटतात. त्यांचा हात खरोखर जाणता असतो, परंतु त्यांच्याकडून स्पिंडल धुण्याची शिस्त शिकावी, आकडे लिहिण्याची नव्हे. वेळ वाचवण्यासाठी तळाला भोक असलेल्या कपातून द्रव वाहून जाण्याचा काळ मोजायलाही माझा विरोध नाही. फक्त तो काळ घनतेवरही अवलंबून असतो, म्हणून निरनिराळ्या घनतेचे नमुने त्यावरून एका रांगेत लावू नयेत. नमुना ढवळल्यावर पातळ होणारा असेल, तर सगळ्या नमुन्यांसाठी स्पिंडल आणि वेग एकच ठेवावा, आणि टॉर्क (स्पिंडल फिरवायला लागणारा जोर, यंत्राच्या कमाल क्षमतेच्या टक्क्यांत) १० टक्क्यांखाली गेल्यास तो आकडा सोडून द्यावा.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. बहुतेक वेळा मागणी अचूक मूल्याची नसून पन्नासांतून पाच निवडण्याची असते, आणि त्यासाठी ९६ खळग्यांच्या प्लेटमधून पिपेटिंग यंत्राने ठरावीक वेळात किती द्रव ओढला गेला, हे वजनावरून पाहिले तरी चाळणी लागते. त्यासाठीची प्रमाणरेषा (वजनावरून व्हिस्कॉसिटी सांगणारी रेषा) आपल्या नमुन्यांच्याच जातीच्या द्रवांवर काढावी, आणि निवडलेले पाच नमुने नंतर बाथ लावून सावकाश मोजावेत. प्रत्येक आकड्याशेजारी तापमानाचा रकाना असावा, आणि तो मोजतानाच भरावा.