पहिला पीसी जोडताय? बारीक अक्षरं वाचा आणि या चुका टाळा

दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो की ऑनलाइन, स्वस्तातल्या असेंबल्ड पीसीची जाहिरात ठरलेल्या चालीवर म्हटली जाते. "आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट, वायफाय फ्री!" किंमत ऐकून वाटतं, बाकीचे लोक उगाच जास्त पैसे मोजतात.

गंमत म्हणजे यातला एकही आकडा खोटा नसतो. आय७ असतोच, पण बऱ्याचदा तो २०११ साली आलेला आय७-२६००. रॅम १६ जीबी भरते, पण जुन्या पिढीची, डीडीआर३. ग्राफिक्स कार्डावर ४ जीबी मेमरी असते, पण कार्ड निघतं जीटी ७३०, ज्याला रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्ससुद्धा सहज मागे टाकतं. त्या आय७ला चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. २०२२च्या आय३-१२१००लाही तेवढेच आहेत आणि तरी तो आय३ या आय७च्या कितीतरी पुढे पळतो. शिवाय विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे नेहमीचे प्रोसेसर जवळपास नाहीतच आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

बजेट पीसीत पैसे बुडतात ते नेहमी अशा बारीक अक्षरांपाशी. दुकानदार मोठ्याने सांगतो ते आकडे ऐकायचेच, पण कोटेशनवर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैशांची गोष्ट काढायची नाही. नुसतं "१६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, ४५० वॅट एसएमपीएस" असं लिहिलेला कागद म्हणजे कोटेशन नव्हे. (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा.)

शेवटचं अक्षर न वाचणं

इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ थोडे स्वस्त मिळतात, म्हणून कोटेशनमध्ये हमखास तेच येतात. ग्राफिक्स कार्ड लगेच घेणार असाल तर उत्तम सौदा. पण "कार्ड दिवाळीला बघू" असा बेत असेल तर दिवाळीपर्यंत मॉनिटर काळाच राहील.

रायझन बनवणाऱ्या एएमडीत जरा उलटं आहे. जुन्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) ज्याच्या मागे 'जी' आहे, त्यातच ग्राफिक्स. ५६००जीमध्ये आहे, ५६०० आणि ५५००मध्ये नाही. नव्या एएम५वर ७६००सारख्या साध्या मॉडेलमध्येही डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स येतं, पण ७५००एफसारखा 'एफ' आला की तिथेही नाही.

प्रोसेसर बॉक्स पॅक आहे की ट्रे, हेही विचारा. ट्रेचा माल खोक्याशिवाय आणि कूलरशिवाय येतो, वॉरंटी बहुतेक दुकानदाराच्या शब्दावर असते. वाचलेले पैसे कूलर घेण्यातच जातात.

ग्राफिक्स कार्ड जीबीवर तोलणं

कार्डाची ताकद त्याच्या चिपमध्ये असते आणि मेमरी किती यापेक्षा कुठल्या जातीची हे आधी बघायचं. जीटी १०३० हे याचं सगळ्यात वाईट उदाहरण. एकाच नावाने जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन आवृत्त्या आल्या, दोन्ही २ जीबीच्या, आणि डीडीआर४वालं कार्ड गेममध्ये कमालीचं हळू. आरटीएक्स ३०५०चंही तसंच. ६ जीबी आणि ८ जीबी यांत फरक फक्त २ जीबीचा वाटतो, पण ६ जीबीवाल्यात कोअरही कमी आहेत. मात्र त्याला ७० वॅट पुरतात आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. त्यामुळे ऑफिसातला जुना ब्रँडेड पीसी सुधारायचा असेल तर तेच कार्ड शहाणपणाचं ठरतं.

सेकंड हँडमध्ये 'आरएक्स ५८० २०४८एसपी' हे नाव फार दिसतं. मागचा तो आकडा कुणी वाचत नाही. ते नावाचं ५८०, प्रत्यक्षात आरएक्स ५७०च्या तोडीचं. ५७०च्या भावात मिळालं तर घ्या, ५८०च्या भावात नको. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झाल्यावर दिवसरात्र राबवलेली बरीच कार्डं बाजारात आली, त्यामुळे जुनं कार्ड चालू पीसीवर बघितल्याशिवाय, निदान अर्धा तास गेम किंवा स्ट्रेस टेस्ट लावून पंख्यांचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. आतली चिप एक आणि नाव दुसरंच, अशी बरीच बनावट कार्डं ते ओळखतं.

एक अडचण यूट्यूबवाले क्वचित सांगतात. आरएक्स ६५०० एक्सटीसारखी काही स्वस्त कार्डं पीसीआयई ४च्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, फक्त चार लेन वापरतात. रायझन ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसर पीसीआयई ३वरच थांबतात. ही जोडी लावली की कार्डाचा वेग चांगलाच घटतो आणि दोष कुणाचा, ते शेवटपर्यंत कळत नाही.

कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेला एसएमपीएस

इथे जरा थांबतो, कारण बजेट आखताना सगळ्यात आधी कात्री लागते ती याच पार्टला.

दुकानात एसएमपीएस हातात घ्या आणि उलटा करून स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असेल. ते सोडून खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच रकान्यातून घेतात. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. बाकीचा भार ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून ४५०ची बेरीज जुळवलेली असते, आणि तेवढ्या भाराचा आजच्या पीसीला उपयोग नाही. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ३६-३७ अँपिअर दिसतील. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर दोन्हींचे अँपिअर मिळवू नका. एकत्रित वॅटचा आकडा सहसा खाली वेगळा छापलेला असतो, तोच धरा.

आता हिशोब करू. आय३-१२१००एफ जोरात चालला की ८९ वॅटपर्यंत जातो. आरएक्स ६६०० कार्डाचे १३२ वॅट. झाले २२१. पंखे, एसएसडी, बोर्ड यांचे चाळीस-पन्नास धरा. म्हणजे २७० वॅटचा पीसी तुम्ही १९२ वॅटवर चालवताय. वर्ड, क्रोम, पिक्चर सगळं व्यवस्थित चालेल. गेम सुरू झाला की पाचव्या मिनिटाला पीसी रीस्टार्ट. मग विंडोज फॉरमॅट होतं, ड्रायव्हर बदलले जातात, रॅम पुसून लावली जाते, कार्ड सर्व्हिस सेंटरला जाऊन 'ओके टेस्टेड' म्हणून परत येतं. स्टिकर मात्र कुणी वाचत नाही.

अशा एसएमपीएसला कार्डाची आठ पिनांची केबलच नसते, तेव्हा दुकानदार पन्नास-शंभरात हार्ड डिस्कच्या साटा केबलवरून आठ पिना काढणारा कन्व्हर्टर देतो. तो घेऊ नका. साटा पॉवरच्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट, तर आठ पिनांमधून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. वायर वितळल्याचे फोटो दिसतात ते बहुधा अशाच जोडणीचे.

दुसऱ्या टोकाचीही चूक होते. वरच्या जोडीला ७५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस म्हणजे उधळपट्टी. नावाजलेल्या कंपनीचा ८० प्लस (वीज कमी वाया जाते याची खूण) छाप असलेला ४५० ते ५५० वॅटचा पुरे.

बोर्ड आणि रॅम

इंटेलच्या बारा ते चौदाव्या पिढीसाठी एकाच चिपसेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, नावात फरक एखाद्या 'डी४'चा. चुकीची रॅम बसतच नाही, कारण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावाल तर स्लॉट जाईल. एएम५वर मात्र फक्त डीडीआर५.

जुन्या ए३२० किंवा बी४५० बोर्डावर रायझन ५००० लावणार असाल तर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आहे का ते आधी विचारा आणि दुकानातच करून घ्या. घरी आणल्यावर अपडेट करायलाही बहुतेक बोर्डांना आधी चालणारा जुना प्रोसेसर लागतो, तो कुठून आणणार?

रॅमचे भाव २०२५च्या शेवटच्या महिन्यांत असे भडकले की जुने सगळे हिशोब कोलमडले. तेव्हापासून ८ जीबीची एकच स्टिक घेऊन पुढे बघू, असं बरेच जण ठरवतात. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर चालवून घेता येईल. पण 'जी' प्रोसेसर घेत असाल तर हीच काटकसर महागात पडते, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एका स्टिकवर त्याला अर्धाच रस्ता मिळतो. तिथे इतर कुठेही हात आखडा, दोन स्टिक घ्या.

आणि रॅम लावली म्हणजे ती छापील वेगाने चालते असं नाही. ३२००ची बरीच रॅम बायॉसमध्ये एक्सएमपी ही छापील वेगाची सेटिंग चालू करेपर्यंत २४०० किंवा २६६६वरच रेंगाळते.

एसएसडीबद्दल एवढंच, की एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात हळू साटाही येते आणि वेगवान एनव्हीएमईही. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते. विंडोज हार्ड डिस्कवर टाकायचे दिवस गेले, त्यावर चर्चाच नको.

कॅबिनेटचं समोरचं तोंड काचेने बंद असेल तर नको, मग त्यात दिवे कितीही असोत. अकोला-चंद्रपूरला मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, तिथे समोरची जाळी आरजीबीपेक्षा जास्त कामाची.

"बिल कच्चं चालेल ना?"

नाही चालणार. पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवायचा मोह होतो हे खरं. पण वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटर पक्कं बिल मागू शकतं. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. असेंबल्ड पीसीची एकत्र वॉरंटी नसते. प्रत्येक पार्टची कंपनी वेगळी, मुदत वेगळी, सर्व्हिस सेंटरही वेगळं. खोकी निदान वर्षभर माळ्यावर ठेवा.

जोडला, पण डिस्प्ले येत नाही

घाबरू नका, पार्ट खराब निघणं हे शेवटचं कारण धरा. आधी बघा, एचडीएमआय केबल बोर्डाच्या पोर्टला लावलीय की ग्राफिक्स कार्डाच्या? कार्ड असेल तर कार्डाच्याच पोर्टला लागते. मग बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची चार किंवा आठ पिनांची पॉवर केबल. चोवीस पिनांची मोठी केबल सगळे लावतात, ही विसरतात. पंखे फिरतात, म्हणून वीज पोचतेय असं वाटत राहतं.

नंतर रॅम. एकच स्टिक ठेवा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबा. बोर्ड दोनच स्लॉटचा असेल तर आळीपाळीने दोन्हींत लावून बघा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो तिथे अडलंय. एएम५वर डीडीआर५ पहिल्यांदा लावली की मेमरी ट्रेनिंगमध्ये (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यात) काही मिनिटं काळा स्क्रीन राहू शकतो. तेवढ्यात बटण दाबून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. पाच-दहा मिनिटं हात लावू नका, चहा टाका.

तरीही नाही तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायॉसच्या सेटिंग मूळपदावर आणा, आणि त्यानेही नाही तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून खोक्यावर ठेवून चालू करा. बाहेर चालतोय आणि आत नाही, म्हणजे बहुधा बोर्डाखाली एखादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा धातूचा खुंट) जादा राहिलाय आणि तो मागून टेकतोय. पीसी चालू होऊन मिनिटा-दोन मिनिटांत बंद पडत असेल तर कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली होती का, ते बघा.

आणि एक गोष्ट, जी पीसीची नाहीच. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस बदलायला धावू नका. त्याच्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटवर उतरतोच, अर्थिंग असेल तर तो तिकडून निघून जातो. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, शक्यतो पीसी घरी यायच्या आधीच, आणि तीनची दोन पिन करणारा तो छोटा ॲडॉप्टर तेवढा घरातून हद्दपार करा.