फ्लाय रॉड: पुढचा कास्ट झाला की टोक लगेच खाली नेऊ नका

फ्लाय रॉडने, म्हणजे फ्लाय (पिसं-दोऱ्याचं हलकं नकली आमिष) फेकायच्या काठीने, मासे धरताना लाईन पुढे सरळ न जाता समोरच ढीग होऊन पडत असेल तर आणखी जोर लावून काही होत नाही. बहुतेक वेळा आपण कास्ट, म्हणजे लाईन फेकणं, संपता संपताच रॉड पाण्याकडे आपटतो, मग लूप, म्हणजे हवेत लाईनला पडणारा वळसा, मोठा उघडतो आणि लाईनचा दम तिथेच संपतो. गोव्यातल्या मांडवी, शापोरा कुठल्याही नदीवर, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की हे जास्तच कळतं.

१. पुढे आणताना रॉड घड्याळातल्या १० च्या आसपास एकदम थांबवा. हळूहळू नाही, थांबवाच.
२. मग काही करू नका. लूप पुढे उलगडू द्या, जास्तीची लाईन सोडायची तर ती रॉड थांबल्यावरच, आणि डाव्या हाताच्या बोटांच्या रिंगमधून.
३. लूप उलगडत आला आणि लाईन खाली यायला लागली की तिच्याच वेगाने टोक खाली न्या, अगदी पाण्याला टेकेल इतकं.

टोक वर राहिलं तर मधे लाईन झोळीसारखी लोंबते आणि चोणकाने, म्हणजे जिताड्याने, तोंड लावलं तरी हाताला कळत नाही. टोक खाली, लाईनकडे सरळ ठेवून स्ट्रिप करा, म्हणजे लाईन हाताने थोडी थोडी आत ओढत राहा, मासा लागला तरी रॉड वर उचलायचा नाही, डाव्या हातानेच लाईन जोरात ओढायची, हुक नीट बसतो.

गॉगल आणि टोपी मात्र घालाच, वाऱ्यात फ्लाय कुठून येईल सांगता येत नाही.